पहिल्या दिवशी सहा: हेल्थकेअर डॉट गव्ह कोसळली त्याचा घटनाक्रम

१ ऑक्टोबर २०१३ ही तारीख अचानक उगवली नव्हती. अमेरिकेत सर्वांना परवडणारा आरोग्यविमा देण्याचा कायदा साडेतीन वर्षांपूर्वी झाला होता. विमा ज्या वेबसाइटवरून विकायचा, ती उघडण्याचा दिवस देशभर जाहीर झाला होता. पैसा होता, कंत्राटदार होते, आणि राष्ट्राध्यक्षांची सगळी राजकीय पत या एका पानावर लागली होती. तरीही पहिल्या चोवीस तासांत फक्त सहा जणांची विमानोंदणी पूर्ण झाली.

हे कसे घडले, याचा हा हिशेब. वेळा वॉशिंग्टनच्या घड्याळाप्रमाणे आहेत.

साडेतीन वर्षे आधी : २३ मार्च २०१०

बराक ओबामा ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’वर सही करतात. प्रत्येक राज्याने आपला विमाबाजार उभारावा, जे उभारणार नाहीत त्यांच्यासाठी केंद्र सरकार उभारेल, अशी कायद्यात सोय आहे. पुढच्या काळात एकेक राज्य अंग काढून घेते. शेवटी ३६ राज्यांचे ग्राहक एकाच केंद्रीय साइटवर येणार, हे स्पष्ट होते. कामाचा आवाका वाढत जातो, उद्घाटनाची तारीख मात्र आहे तिथेच राहते.

दोन वर्षे आधी : सप्टेंबर २०११

मुख्य विमाबाजाराचे काम सीजीआय फेडरल या कंपनीला मिळते. वेगवेगळ्या सरकारी खात्यांतून माहिती आणणारा ‘डेटा हब’ क्यूएसएसआय ही कंपनी बांधणार असते. पुढे कंत्राटदारांची संख्या पन्नासच्या वर जाते. या सगळ्यांचे काम एकत्र जोडायची जबाबदारी सीएमएस हे सरकारी खाते स्वतःकडे ठेवते. मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना चालवण्याचा त्याला मोठा अनुभव आहे, पण एवढी सॉफ्टवेअर जोडणी करण्याचा नाही.

सहा महिने आधी : मार्च २०१३

सीएमएसचे माहिती-तंत्रज्ञान विभागाचे उपप्रमुख हेन्री चाओ एका परिषदेत सांगतात की, लोकांना निदान ‘थर्ड वर्ल्ड’सारखा अनुभव येऊ नये एवढे तरी पाहू.

त्याच सुमारास मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी सरकारला आपला आढावा सादर करते. गरजा अजून बदलत आहेत, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत चाचणी घ्यायला पुरेसा वेळ नाही, आणि अंतिम निर्णय घेणारी एक व्यक्ती कुठेच नाही, असे त्यात म्हटलेले असते. हा आढावा आरोग्य खात्यातल्या आणि व्हाइट हाउसमधल्या वरिष्ठांपर्यंत पोहोचतो. तारीख बदलत नाही.

७७ दिवस आधी : १६ जुलै

चाओ सहकाऱ्यांना ई-मेल पाठवतात. विमान उड्डाण करतानाच कोसळणार नाही, याची आपल्याला आणखी खात्री हवी आहे, असा त्याचा आशय. मार्चमध्ये विनोद करणाऱ्या माणसाला आता घाम फुटला आहे.

२६ दिवस आधी : ५ सप्टेंबर

आरोग्यमंत्री कॅथलीन सेबेलियस यांच्यासाठी एक टिपण तयार होते. पहिल्या महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरअखेर, देशभरात ४,९४,६२० लोकांची नोंदणी होईल, असा अंदाज त्यात मांडलेला असतो. या घटनाक्रमातला हा पहिला महत्त्वाचा आकडा. तो धोरण आखणाऱ्यांच्या फायलीत आहे.

२१ दिवस आधी : १० सप्टेंबर

संसदेच्या समितीपुढे कंत्राटदार साक्ष देतात. काम वेळेवर चालू आहे, १ ऑक्टोबरला सगळे तयार असेल, असे सांगतात.

शेवटचे दोन आठवडे

संपूर्ण यंत्रणेची एकत्रित चाचणी आत्ता कुठे सुरू होते. एवढ्या मोठ्या कामाला महिने लागतात. इथे जेमतेम पंधरवडा उरला आहे.

याच काळात एक निर्णय होतो. वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. कोणत्याही ऑनलाइन दुकानात माणूस आधी माल पाहतो, किंमत पाहतो आणि घ्यायचे ठरल्यावरच लॉगिन करतो. इथेही खाते न उघडता योजना चाळण्याची सोय ठरली होती. ती वगळली जाते. आता नुसती चौकशी करायला आलेल्यालाही आधी खाते उघडावे लागणार, आणि पुढे जायचे तर ओळख पटवावी लागणार. ओळख पटवण्यासाठी एक्स्पीरियन या पतमापन कंपनीला विचारायचे. मग डेटा हबमार्फत सामाजिक सुरक्षा, करखाते आणि अंतर्गत सुरक्षा खात्याच्या नोंदी तपासायच्या. मिळकतीवरून अनुदान काढायचे. त्यानंतर योजना दाखवायच्या आणि शेवटी विमा कंपनीला फाइल पाठवायची.

या साखळीत जी कडी सर्वांत कमी भार पेलते, तेवढीच सगळ्या साइटची क्षमता. आणि नव्या निर्णयाने सगळी गर्दी पहिल्याच अवघड कडीवर आणून सोडली.

चार दिवस आधी : २७ सप्टेंबर

सुरक्षेची चाचणी पूर्ण झालेली नाही, त्यामुळे धोका आहे, असे स्पष्ट लिहिलेल्या टिपणावर सीएमएसच्या प्रमुख मॅरिलिन टॅव्हनर सही करतात. साइट सुरू करायला परवानगी मिळते.

या शेवटच्या दिवसांत एका महत्त्वाच्या भागाची भार-चाचणीही होते. एकाच वेळी हजारो लोक आले तर काय होईल, हे पाहायचे असते. काहीशे कृत्रिम वापरकर्ते आत शिरताच यंत्रणा गोठते.

२४ तास आधी : ३० सप्टेंबर

रात्रभर चाललेल्या चाचणीचा अहवाल येतो. एका वेळी १,१०० वापरकर्त्यांपर्यंत ठीक चालते, त्यापुढे प्रतिसादाला फार वेळ लागतो. हा दुसरा आकडा. तो तंत्रज्ञांच्या फायलीत आहे.

तिसरा आकडा नियोजन करणाऱ्यांकडे आहे : एका वेळी ५० ते ६० हजार वापरकर्ते. हा कुठून आला? मेडिकेअर डॉट गव्ह या जुन्या सरकारी साइटवर आजवर एका वेळी जास्तीत जास्त ३० हजार लोक आले होते. नव्या साइटसाठी त्याची दुप्पट धरली. पण मेडिकेअरचे ग्राहक मुख्यतः आधीच योजनेत असलेले ज्येष्ठ नागरिक. नव्या साइटसमोर विमा नसलेले सुमारे पावणेपाच कोटी लोक होते, शिवाय नुसते कुतूहल असलेले, पत्रकार आणि विरोधक वेगळेच.

४,९४,६२०, ६०,००० आणि १,१०० हे तीन आकडे एकाच कागदावर मांडून ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेला माणूस त्या संध्याकाळी कुणी नव्हता.

शून्य तास : १ ऑक्टोबर, मध्यरात्र

साइट उघडते. याच मध्यरात्री अर्थसंकल्पावरच्या भांडणातून अमेरिकी सरकारचे कामकाजही ठप्प होते, आणि त्या भांडणाच्या मुळाशी हाच विमा कायदा असतो. त्यामुळे देशातला प्रत्येक बातमीदार साइटवर डोळे लावून बसलेला.

पहिले दोन तास

पाने उघडेनाशी होतात. साइटवर खूप लोक आहेत, कृपया याच पानावर थांबा, असा संदेश लोकांना दिसू लागतो. जे आत शिरतात त्यांतले अनेक जण खाते उघडतानाच अडकतात. सुरक्षा-प्रश्न निवडायची यादीच रिकामी येते. प्रश्न नाही म्हणून उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणून खाते नाही.

सकाळी ७

तोवर दहा लाखांहून अधिक लोक साइटवर येऊन गेलेले असतात.

दुपार

ओबामा व्हाइट हाउसच्या बागेत बोलतात. मेडिकेअर डॉट गव्हवर आजवर एका वेळी जेवढे लोक आले त्याच्या पाचपट आज सकाळी इथे होते, असे ते अभिमानाने सांगतात. ॲपलच्या नव्या मोबाइल प्रणालीतही काही दिवसांपूर्वी दोष निघाला आणि तो दुरुस्त झाला, याची आठवणही देतात. गर्दी हे यशाचे लक्षण आहे, असा सूर असतो. आत किती जण पोहोचले, हे कुणी सांगत नाही. ते मोजणारी यंत्रणाच धड नाही.

२४ तास पूर्ण

भेट देणारे : ४७ लाख. नोंदणी पूर्ण : ६.

२ ऑक्टोबर, सकाळ

सीएमएसच्या वॉर रूममधल्या बैठकीच्या नोंदीत हा सहाचा आकडा लिहिला जातो. सोबत अडचणींची यादी : साइटवर प्रचंड भार, विमा कंपन्यांकडून थेट नोंदणी चालत नाही, माजी सैनिकांच्या खात्याशी जोडणी होत नाही, एक्स्पीरियनच्या माहितीमुळे गोंधळ.

२ ऑक्टोबर, दुपार

सुमारे १००.

३ ऑक्टोबर, सकाळ

आदल्या दिवसअखेर २४८. बाहेर पत्रकार रोज नोंदणीचा आकडा विचारतात, सरकार देत नाही. तो संसदेच्या समितीने नोंदी उघड केल्यावर महिनाअखेर बाहेर येतो.

६ ऑक्टोबर

सरकारचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी टॉड पार्क वृत्तपत्राला सांगतात की, ५० ते ६० हजारांची अपेक्षा होती आणि एका वेळी अडीच लाखांपर्यंत लोक आले. एवढी गर्दी नसेल तर साइट चालते, असेही ते म्हणतात.

इथे थांबून भागाकार करायला हवा. गर्दी अंदाजाच्या चार-पाचपट निघाली. पण आदल्या दिवशीच्या चाचणीतली क्षमता त्याच अंदाजाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास होती. म्हणजे अंदाज तंतोतंत खरा ठरला असता तरी साइट पडलीच असती. आणि ज्या गर्दीसाठी साइट बांधली, त्याच गर्दीला दोषी ठरवले गेले.

गर्दीचा अंदाजही बांधता येत होता. त्याचे गणित सोपे आहे : तासाला किती लोक येतात, गुणिले प्रत्येक जण किती तास थांबतो, बरोबर एका वेळी आत किती. दिवसाला ४७ लाख लोक आले आणि प्रत्येक जण अर्धा तास थांबला असे धरले, तर चोवीस तासांची सरासरी सुमारे ९८ हजार येते. रात्री कमी, दिवसा जास्त म्हणून गर्दीच्या वेळी त्याची अडीचपट धरा : अडीच लाखांच्या जवळ. साइट हळू झाली की माणूस जास्त वेळ आत अडकतो, म्हणजे आतली संख्या आणखी वाढते आणि साइट आणखी हळू होते. आपल्याकडे दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता लाखो घरांत हेच दिसत आले आहे : पान उघडेना म्हणून घरातले चौघे चार मोबाइलवरून तोच आसन क्रमांक पुन्हा पुन्हा टाकतात.

महिनाअखेर

२२ ऑक्टोबरला दुरुस्तीसाठी जेफ झायंट्स यांची नेमणूक जाहीर होते. २५ तारखेला क्यूएसएसआयकडे सर्व कंत्राटदारांची एकत्रित जबाबदारी सोपवली जाते. गुगलमधून आलेले मायकी डिकरसन आणि इतर अभियंते आधी साइटवर नजर ठेवणारा फलक उभारतात. तोवर साइट कुठे अडते आहे हे एका ठिकाणी दिसतच नव्हते. रोज उभ्या-उभ्या बैठका सुरू होतात आणि त्यांत खुर्चीपेक्षा माहितीला मान मिळतो.

३० ऑक्टोबरला सेबेलियस संसदीय समितीपुढे जबाबदारी स्वतःवर घेतात. त्या बोलत असताना साइट बंद असते.

ऑक्टोबरचा अंतिम आकडा : केंद्रीय साइटवरून २६,७९४, राज्यांचे बाजार धरून १,०६,१८५. टिपणातल्या अपेक्षेच्या जेमतेम पाचवा हिस्सा.

दोन महिन्यांनी : ३० नोव्हेंबर

चारशेहून अधिक दोष दुरुस्त झालेले. साइट चालू राहण्याचे प्रमाण ४३ टक्क्यांवरून ९० टक्क्यांच्या वर. प्रतिसादाचा सरासरी वेळ आठ सेकंदांवरून एका सेकंदाच्या आत. एका वेळी ५० हजार लोक पेलतील एवढी क्षमता. पुढच्या एप्रिलपर्यंत देशभरात ८० लाख लोक विमा निवडतात. सेबेलियस यांचा राजीनामाही त्याच एप्रिलमध्ये जाहीर होतो.

जे काम आठ आठवड्यांत झाले ते साडेतीन वर्षांत झाले नाही, याला सर्व्हर कमी पडले हे कारण पुरत नाही. दुरुस्तीच्या काळात एक जबाबदार माणूस होता, सर्वांना दिसणारा एक फलक होता, आणि ‘किती लोकांचे काम पूर्ण झाले’ हे एकच माप होते. आधी प्रत्येकाचे माप वेगळे होते : धोरणकर्त्यांचे नोंदणी, कंत्राटदारांचे कोड पूर्ण होणे, अधिकाऱ्यांचे तारीख पाळणे. प्रत्येकाने आपापले माप गाठले, असे कागदोपत्री दाखवताही आले असते.

तुमच्या कंपनीत, बँकेत किंवा सरकारी कार्यालयात पुढचे उद्घाटन ठरले असेल, तर एवढे करा. विक्री विभागाचे उद्दिष्ट, त्यावरून निघणारी गर्दीच्या तासाची संख्या, आणि शेवटच्या भार-चाचणीत यंत्रणेने प्रत्यक्षात पेललेली संख्या, हे तीन आकडे एका पानावर लिहा. खाली, आकडे जुळले नाहीत तर तारीख पुढे ढकलू शकेल अशा एका माणसाचे नाव लिहा. ते नाव लिहिता येत नसेल, तर उद्घाटनाची पत्रिका छापू नका.