फणसाडचें रान

संस्थानिकांच्या शिकारीच्या नादामुळें कांहीं अरण्यें आजवर टिकलीं, असें कोणीं म्हटलें तर ऐकणारास तें प्रथम विपरीत वाटेल. बंदुकीनें जनावरें मरतात, राखलीं जात नाहींत, ही तर उघड गोष्ट आहे. परंतु पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे १९८१ पासून ज्यास रायगड जिल्हा म्हणतात त्यांत, मुरुड व रोहें या तालुक्यांच्या डोंगरांवर फणसाडचें अभयारण्य पसरलेलें आहे. त्याचा इतिहास पाहूं गेल्यास ही विपरीत वाटणारी गोष्टच खरी ठरते. मात्र ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी बाजू सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं.

हिंगोली-औंढ्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें रान म्हटलें म्हणजे साग, धावडा आणि पळस यांचें रान उभें राहतें. फाल्गुन सरतां सरतां तें उघडें पडतें. पळस तेवढा पेटल्यासारखा दिसतो, आणि बाकीच्या झाडांखालीं वाळल्या पानांचा खच पडतो. समुद्र तेथून अडीचशें मैलांहूनही दूर. अशा मुलखांतला माणूस अलिबागेहून दक्षिणेस निघाला, रेवदंड्याजवळ कुंडलिकेची खाडी ओलांडून कोर्लईच्या पोर्तुगीज किल्ल्याखालून बोर्ली, काशीद, नांदगांव असा मुरुडच्या वाटेला लागला, म्हणजे त्यास दोन आश्चर्यें एकदम भेटतात. उजव्या हातास पुळणीवर फुटणाऱ्या लाटा आणि सुरूंचीं बनें; डाव्या हातास नारळी-पोफळींच्या वाड्यांमागें एकदम उठलेला हिरवा डोंगर. भर चैत्रांतही तो डोंगर बोडका नसतो. किनारा सोडून त्याच्याकडे वळलें आणि सुपेगांवच्या बाजूनें आंत शिरलें, कीं लाटांचा आवाज मागें राहतो व ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा यांची सांवली सुरू होते.

या रानाचा विस्तार सुमारें ७० चौरस किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें २७ चौरस मैलांच्या आसपास आहे. आंकडा फारसा मोठा नव्हे. पण एवढ्या जागेंत सदाहरित झाडी, पानगळीची झाडी आणि गवताचे माळ हीं तिन्ही एकमेकांस लागून आहेत. एका झाडावरून दुसऱ्यावर चढत जाणारी गारंबीची वेल येथें पाहावी. तिचें खोड मनुष्याच्या मांडीएवढें जाड होतें, आणि तिची शेंग हातभर नव्हे, चांगली दोन हात लांब भरते. सांबर, भेकर, पिसोरी, रानडुक्कर, साळिंदर, तरस आणि या सर्वांवर हुकमत चालविणारा बिबट्या, अशी येथली वस्ती आहे. धनेश पक्षी उडतांना त्याच्या पंखांचा आवाज दुरून कानीं येतो, आणि पावसाळ्याच्या तोंडाशीं इवलासा तिबोटी खंड्या ओढ्याकांठच्या दरडींत बीळ करूं लागतो.

एक उणीव मात्र या रानास आहे. त्यांत बारमाही वाहणारी नदी नाहीं. उन्हाळ्यांत ओढे आटतात आणि सारें जीवन झऱ्यांच्या पाण्यावर येऊन ठेपतें. पाणी झिरपून सांचणाऱ्या अशा जागांस तेथील लोक ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण अशीं त्यांचीं नांवें आहेत. जनावर पाहावयाचें असेल त्यानें वणवण करूं नये. वैशाखांतील संध्याकाळीं गाणीच्या कांठीं आडोशास निमूट बसावें. हें ज्ञान आजच्या प्रवाशास नवें वाटत असलें तरी मचाणावर बसणाऱ्या शिकाऱ्यास तें फार पूर्वींपासून ठाऊक होतें, आणि येथूनच या रानाच्या इतिहासास आरंभ होतो.

या किनारपट्टीचें जुनें नांव हबसाण. आफ्रिकेंतील अबिसिनियाकडून आलेले हबशी, ज्यांस सिद्दी म्हणतात, त्यांचा हा मुलूख. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशीं त्यांचें बेट होतें. अरबींत बेटास ‘जझीरा’ म्हणतात, तोच शब्द मराठी तोंडीं जंजिरा झाला. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळांत हें बेट कोळ्यांच्या हातून सिद्द्यांकडे गेलें. पुढें सिद्दी विजापूरच्या पदरीं राहिले व १६७० च्या सुमारास मोगलांच्या आरमारी चाकरींत शिरले. शिवाजीमहाराजांनीं त्यांस शह देण्यासाठीं समोरच्या खडकावर पद्मदुर्ग उभारला. १६८२ च्या सुमारास संभाजीमहाराजांनीं तर समुद्रांत भर टाकून बेटापर्यंत सेतू नेण्याचा प्रयत्न केला. १७३६ सालीं चिमाजी अप्पांनीं सिद्दी सात यास रणांत पाडलें. इतकें होऊनही बेट कांहीं हातीं आलें नाहीं. हा सर्व वृत्तान्त मराठी वाचकांस परिचित आहे. परंतु तो लिहिणारांची दृष्टि बेटावरच खिळलेली असते. बेटाच्या पाठीमागील डोंगराकडे क्वचितच कोणी पाहतो. आरमार म्हणजे शेवटीं लांकूडच. डोलकाठी, वल्हें, फळी यांसाठीं साग लागतो, आणि साग बेटावर उगवत नाहीं. ज्याच्या हातीं किनाऱ्यामागील रान, त्याच्याच गलबतांची डागडुजी वेळेवर होणार. जंजिऱ्याच्या अजिंक्यपणाचें श्रेय त्याच्या तटांस आणि तोफांस सर्वच जण देतात. त्यांतला थोडा वांटा या डोंगरांसही द्यावयास पाहिजे.

इंग्रजांचा अंमल बसल्यावर समुद्रावरील लढाया संपल्या. सिद्दी आतां नवाब झाले, मुरुडास त्यांची राजधानी नांदूं लागली, आणि डोंगरांतल्या रानाचा उपयोग बदलला. गलबतांच्या लांकडाची निकड उरली नाहीं; त्याऐवजीं शिकारीची हौस आली. सिद्दी सर अहमदखान यांनीं १८७९ पासून १९२२ पर्यंत गादी सांभाळली. त्यांच्या मागून सिद्दी महंमदखान आले, ते संस्थान विलीन होईपर्यंत राहिले. फणसाडचें रान हें या नवाबांचें शिकारीचें राखीव रान होतें. मुरुडास पाणी पुरविणारें धरणही याच डोंगराळ भागांत गारंबीस बांधलें गेलें व त्यास व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचें नांव देण्यांत आलें. डोंगरावर झाडी राहिली तर पाणी राहतें, हें कळण्यास कांहीं फार मोठें शास्त्र लागत नाहीं.

आतां दुसरी बाजू. रान एकासाठीं राखलें जातें तेव्हां तें दुसऱ्या कोणापासून तरी राखलेलें असतें. कोंकणांतील भातशेतीस राब लागतो. ऐन-किंजळाच्या फांद्या छाटून, त्या पालापाचोळा, गवत व शेण यांसह वाफ्यावर पसरून जाळावयाच्या, आणि त्या भाजलेल्या जमिनींत पहिल्या पावसाबरोबर भाताची रोपें धरावयाचीं, ही येथील शेतकऱ्याची पिढीजात रीत. त्याच्या दृष्टीनें रान म्हणजे शेताचाच एक भाग होता. जवळच्या इंग्रजी मुलखांत सरकारनें जंगलें राखीव करण्यास आरंभ केला, तेव्हां ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या हक्कांवरून एवढा असंतोष माजला कीं मुंबई सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. त्या कमिशनचा अहवाल १८८७ सालीं बाहेर पडला. असंतोष मात्र निवळला नाहीं. २५ सप्टेंबर १९३० या दिवशीं उरण तालुक्यांतील चिरनेर येथें जंगल सत्याग्रह झाला व गोळीबारांत माणसें बळी पडलीं. इंग्रजी मुलखांतल्या रयतेस कमिशनपुढें साक्ष देण्याची आणि सत्याग्रह करण्याची तरी वाट होती. संस्थानी मुलखांतला शेतकरी कोणापुढें गाऱ्हाणें नेणार? कातकरी तर त्याहूनही खालीं. खैराचा कात काढण्यावरून ज्या जमातीस नांव मिळालें, तिचें पोटच रानावर. कंद, मध, ससा, मासा, सरपण सारें रानांतलें. संस्थानी मुलखांत साहेबाच्या वा राजाच्या शिकारीसाठीं गांवकऱ्यांस वेठीनें हाक्यास धरण्याची चाल सर्रास होती. डबे बडवीत, ओरडत, काट्यांतून जनावर पुढें हांकीत न्यावयाचें. बंदूक दुसऱ्याची आणि बक्षिसही दुसऱ्याचें. जें रान आज डोळ्यांस सुखवितें, त्याच्या सांवलींत ही कष्टाची हकीकतही मुरलेली आहे.

१९४८ सालीं जंजिरा संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानांत मोडत होती, तेंही त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत भारतीय संघराज्यांत आलें. नवाबांची राखण गेली, आणि रान सरकारी झालें. तो काळ कोंकणच्या डोंगरांस मोठा वाईट गेला. मुंबईसारख्या शहराच्या चुली कोळशावर पेटत, आणि भट्ट्यांसाठीं डोंगरचे डोंगर तुटत. ज्यांनीं भट्ट्या लावल्या त्या कातकऱ्यांच्या हातीं मजुरीपलीकडे कांहीं पडलें नाहीं. नफा ठेकेदारांच्या पेढ्यांवर गेला. आसपासच्या पुष्कळ टेकड्या उघड्या पडल्या असतां फणसाड शिल्लक राहिलें, याचें मोठें कारण हेंच कीं विलीनीकरणाच्या वेळीं तें शेजारच्या रानांपेक्षां अधिक दाट होतें, आणि दाट रानाची मोड व्हावयास वेळ लागतो. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. त्या कायद्याखालीं १९८६ सालीं फणसाड अभयारण्य म्हणून जाहीर झालें. नवाबाच्या राखणींत जनावर मारण्याचा हक्क एकास होता. या नव्या राखणींत तो कोणासच उरला नाहीं.

रान खरोखर अखंड राहिलें होतें काय, याचा पुरावा दप्तरांत शोधण्याचें कारण नाहीं. तो झाडावर आहे. शेकरू हें खारीच्याच कुळांतलें, पण शेपटीसह हातभराहून लांब, तांबूस-तपकिरी आणि पिवळसर पोटाचें जनावर. साईक्स नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८३१ सालीं सह्याद्रींतील शेकराचें शास्त्रीय वर्णन केलें आणि त्यास मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचें नांव चिकटविलें. शेकरास त्याची दाद नसावी. आज तो महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याचा संसार उंच शेंड्यांवर चालतो. डहाळ्या-पानांचीं गोल घरटीं तो एकाहून अधिक बांधतो, झाडावरून झाडावर झेप घेतो, आणि जमिनीवर क्वचितच उतरतो. मधलीं झाडें तुटलीं कीं त्याची वाट तुटते. म्हणून भीमाशंकरासारख्या जुन्या देवराईच्या आश्रयानें तो टिकला, आणि येथें नवाबाच्या बंदोबस्ताच्या आश्रयानें टिकला. एकीकडे देवाचें भय, एकीकडे राजाचें. शेकराच्या दृष्टीनें दोहोंचें फळ सारखेंच.

गिधाडांची हकीकत याहून निराळी आहे, कारण त्यांस कुंपण कळत नाहीं. पांढऱ्या पाठीचीं गिधाडें एके काळीं प्रत्येक गांवाच्या ढोरफोडीवर दिसत. विसाव्या शतकाच्या अखेरीस तीं भराभर नाहींशीं होऊं लागलीं. गुरांना दुखण्यावर दिलें जाणारें डायक्लोफिनॅक हें औषध मेलेल्या ढोराच्या मांसांतून गिधाडांच्या मूत्रपिंडास मारक ठरतें, हें २००४ सालीं सिद्ध झालें, आणि २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्याच्या उत्पादनावर बंदी आली. तोंपर्यंत देशांतील बहुतेक गिधाडें संपलीं होतीं. जीं थोडीं उरलीं त्यांपैकीं कांहीं या जुन्या हबसाणांत होतीं: म्हसळ्याजवळ चिरगांवच्या झाडांवर, श्रीवर्धनच्या नारळांवर आणि फणसाडच्या आसमंतांत. रान कितीही राखलें तरी रानाबाहेरच्या गोठ्यांत काय घडतें यावर त्यांचें जगणें अवलंबून होतें. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलें. श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळींच्या बागा त्यानें आडव्या केल्या, रानांतलींही जुनीं झाडें उन्मळून पाडलीं, आणि घरट्यांसाठीं उंच झाड शोधणाऱ्या या पक्ष्यांस पुन्हां नव्यानें आसरा पाहावा लागला.

त्या गिधाडांसाठीं वनखात्यानें फणसाडांत एक साधी योजना केली आहे. आसपासच्या गांवांत कोणाचा बैल किंवा गाय मेली, आणि तिला तें घातक औषध दिलेलें नाहीं अशी खात्री पटली, म्हणजे तें ढोर रानांतल्या मोकळ्या जागीं आणून ठेवावयाचें. ज्या गांवांतून पूर्वीं शिकारीच्या हाक्यासाठीं माणसें धरून नेत असत, त्याच गांवांतला शेतकरी आतां आपलें मेलेलें जनावर देतो कीं पुरून टाकतो, यावर त्या पक्ष्यांचें पोट ठरतें. ढोर टाकल्यावर प्रथम कावळे येतात. मग घारी येतात. गिधाडें फार उंचावर घिरट्या घालीत राहतात, आणि कधीं कधीं दुसऱ्या दिवसापर्यंत खालीं उतरत नाहींत.