काडतुसापासून ठिपक्यापर्यंत

नागपूरच्या टाकळी येथील घोडदळाने १३ जून १८५७ च्या रात्री उठावाचा बेत आखला होता. तो फसला आणि त्यांच्या रिसालदारांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी देण्यात आली. शाळेच्या पुस्तकात सत्तावनचे कारण एका ओळीत आटोपतात : काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावलेली होती. नागपूरपुरते हे कारण अपुरेच आहे. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले, त्याची जखम इथे अधिक खोल होती.

काडतुसाच्या गोष्टीतला एक तपशील मात्र आपण शिक्षक सहसा सांगत नाही. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या छावणीत कुजबुज सुरू होताच कंपनीने काडतुसे चरबीविना देऊ केली. शिपायांनी हवे ते वंगण स्वतः लावावे, अशी मुभाही दिली. पण तोवर विश्वास उडाला होता. बराकपूरच्या शिपायांना मग काडतुसाच्या कागदाच्या चकाकीतही चरबी दिसू लागली. काय घातले आहे हे आधी सांगितले नाही, की नंतर खरे सांगूनही कोणी ऐकत नाही.

१९८३ साली तेच झाले. साबणासाठी म्हणून परदेशातून येणारी जनावरांची चरबी वनस्पती तुपात मिसळली जात असल्याचे उघड झाले आणि सरकारला त्या चरबीची आयात बंद करावी लागली. गदारोळ गाईवरून झाला, ते स्वाभाविकच होते. पण त्या तुपातला पराठा मुसलमानाच्या घरीही खाल्ला जात होता आणि परदेशातले ते जनावर काही जबिहा झालेले नव्हते. आपल्याला कोणी विचारले नाही. आपणही फारसे बोललो नाही.

२००१ साली खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर मांसाहारासाठी तपकिरी ठिपका आला, पाठोपाठ शाकाहाराचा हिरवा. आमच्या उर्दू शाळेतली मुले हिरवा रंग पाहून खुशाल विचारतात, "सर, म्हणजे हलाल ना?" काय सांगावे! तपकिरी खूण (आता तिचा त्रिकोण झाला आहे) प्राणी कोणता आणि जबिहा झाला की नाही, हे सांगत नाही. हिरवा ठिपकाही वाटतो तितका सरळ नाही. मिठाई-चॉकलेटला चमक देणारे शेलॅक लाखेच्या किड्यापासून मिळते. आपल्या विदर्भातल्या पळसावर वाढतो तोच हा किडा. सध्याच्या नियमात मध आणि मेणाबरोबर शेलॅकलाही मांसाहाराच्या व्याख्येतून वगळले आहे.

साबण, लिपस्टिक, औषधे यांना तर ठिपकाच नव्हता. त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जो अर्जदार गेला त्याचे नाव होते ओझैर हुसैन. प्राणिजन्य वस्तू ज्यांना वापरायच्या नाहीत त्यांना ते कळले पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. नोव्हेंबर २००२ मध्ये न्यायालयाने ती मान्य केली आणि जीवरक्षक औषधे सोडून बाकीच्यांवर खूण छापण्यास सांगितले. साबण उत्पादकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ मार्च २०१३ रोजी तो निकाल रद्द झाला. नियम करणे सरकारचे काम, न्यायालयाचे नव्हे, असे ठरले. साबणापुरता आपल्याला थोडा दिलासा आहे. वस्तूचे मूळ रूपच पालटले तर हुकूमही पालटतो, याला फिकहमध्ये इस्तिहाला म्हणतात आणि हनफी उलेमांनी त्याच आधारे साबणाला मुभा दिली आहे. कॅप्सूलच्या जिलेटिनबाबत मात्र उलेमांत एकमत नाही.

डिसेंबर २०२१ मधला दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश आणखी विलक्षण. चर्चा होती ६३१ या आकड्याची. चिप्स, नूडल्स यांच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत असतो तो. हा चव वाढवणारा पदार्थ आंबवण्याच्या प्रक्रियेतून बनतो, तसा माशापासून किंवा डुकरापासूनही बनू शकतो. न्यायालयाने सांगितले, नुसता आकडा चालणार नाही. घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे लिहा, प्रमाण कितीही कमी असो. अर्जदार संस्था होती राम गौ रक्षा दल.

म्हणजे शाकाहाऱ्यांच्या कामाचा अर्ज ओझैर हुसैन यांनी केला आणि आपल्या कामाचा गोरक्षकांनी. सत्तावनच्या काडतुसांच्या कुजबुजीतही दोन्ही चरब्या एकत्रच होत्या. आता प्राण्याचा घटक आहे एवढे तरी लिहून यावे. पण कोणता प्राणी, या आपल्या प्रश्नाचे उत्तर अजून प्रत्येक घटकाबाबत पाकिटावर सक्तीने छापले जात नाही, आणि तो घेऊन न्यायालयात कोणी गेल्याचे माझ्या वाचनात नाही.