वाटाण्याचा अंकुर आणि फाळक्यांचा कॅमेरा
दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटनिर्मितीचे मूळ त्यांच्या स्थिरचित्रणात शोधावे लागते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात शिकून त्यांनी गोध्र्यास छायाचित्रणाचा व्यवसाय केला आणि पुढे शिळाछाप, म्हणजे दगडावर रेखलेले चित्र कागदावर उमटवण्याचे तंत्रही हाताळले. त्यामुळे मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहताना त्यांच्या मनात राम-कृष्णांची दृश्ये उभी राहिली, ती या दीर्घ सरावाचीच फलश्रुती मानावी लागते. तथापि प्रेरणेहून तिच्यामागून आलेली चिकाटी अधिक थोर होय. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ त्याच्या वाढीची चित्रचौकट, म्हणजे फितीवरील एकेक स्थिरचित्र, नेमाने टिपली. त्या चौकटी सलग फिरवताच काही क्षणांत बीजाचा वेल होताना दिसू लागला. छायाचित्रकाराच्या संयमातून जन्मलेल्या या लघुपटानेच भांडवलदाराचा विश्वास मिळवून दिला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा चित्रपट प्रदर्शित झाला. या चित्रपटासाठी कोऱ्या फितीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करीत असत.