नाव दोनदा का लिहायचं?



काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीने मी काढलेल्या इतिहासाच्या प्रश्नांची एक प्रश्नमंजूषा संगणकावर करून दिली होती. मुलांनी नाव आणि परवलीचा शब्द टाकायचा, प्रश्न सोडवायचे, गुण तिथेच जपून राहायचे. पुढे शाळेचं संकेतस्थळ नव्याने बांधलं गेलं आणि भाची म्हणाली, "मामा, मंजूषा आता तिथे जशीच्या तशी बसणार नाही." मी चिडलोच! म्हटलं, एकदा तयार केलेला धडा दुसऱ्या वर्गात शिकवता येत नाही, असं कधी झालंय का?

तिने शांतपणे त्यामागचा इतिहास सांगितला. इतिहास म्हटल्यावर मीही निमूट ऐकलं.

संकेतस्थळं बांधायला तयार सांगाडे मिळतात, त्यांना फ्रेमवर्क म्हणतात. पायथन या भाषेत २००३ च्या सुमारास असे पुष्कळ होते. झोप (होय, नाव हेच!), क्विक्सोट, वेबवेअर, ट्विस्टेड वेब... सर्व्हरशी बोलायची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. त्यामुळे फ्रेमवर्क निवडलं की सर्व्हर कोणता घ्यायचा याला फारसा वाव उरत नसे. जावा भाषेत मात्र सर्व्हलेट नावाचा सामायिक करार आधीपासून होता.

डिसेंबर २००३ मध्ये फिलिप ईबी यांनी पायथनसाठी तसाच एक करार मांडला. त्याचं नाव डब्ल्यूएसजीआय, दस्तऐवजाचा क्रमांक ३३३. सगळ्यांना मागे टाकणारं आणखी एक फ्रेमवर्क काढायच्या नादी ते लागले नाहीत, हे मला फार आवडलं. करार अगदी छोटा. आलेल्या विनंतीची माहिती सर्व्हरने ठरलेल्या नावांखाली द्यायची (ती नावं बरीचशी १९९३ च्या सीजीआय या जुन्या पद्धतीतलीच), आणि प्रोग्रॅमने उत्तर ठरलेल्या नमुन्यात परत करायचं. आपल्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेसारखंच की! तपासणाऱ्याला मुलगा कोणत्या शाळेचा हे कळायची गरजच नाही.

कोणालाही स्वतःचं घर मोडायला न लावणारा करार होता, म्हणून तो रुजला. २००५ मध्ये आलेलं जँगो आणि २०१० मध्ये एक एप्रिलच्या थट्टेतून जन्मलेलं फ्लास्क, दोघंही तो पाळतात. २००७ मध्ये रूबी भाषेसाठी लेआ नॉयकिर्शन यांनी याच धर्तीवर रॅक तयार केलं.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

अडलं होतं आत. करार दारापुरताच होता. आमची मंजूषा जँगोत लिहिलेली, नवं स्थळ फ्लास्कमध्ये. जँगो वापरकर्त्यांची नोंद, डेटाबेसशी बोलायची रीत, पानांचे साचे असा सगळा संसार घेऊन येतं. फ्लास्क वापरकर्ते आणि डेटाबेस बांधणाऱ्यावर सोपवतं. प्रश्न आणि गुणांचा हिशेब कुठेही नेता येतो, पण 'हा मुलगा कोण?' याचं उत्तर दोघांच्या वेगवेगळ्या वह्यांत! पडद्यापासून डेटाबेसपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या वस्तूला नव्या घरी गेल्यावर अशा प्रत्येक सांध्याशी जुळवून घ्यावं लागतं. भाचीच म्हणाली, "गाभा वेगळा आणि प्रत्येक फ्रेमवर्कसाठीची जोडणी वेगळी, असं पहिल्यापासून लिहायला हवं होतं, मामा."

शेवटी तिने मंजूषा न मोडता नव्या स्थळाच्या एका पत्त्याखाली जशीच्या तशी उभी केली. दोघंही एकच करार पाळतात म्हणूनच हे जमलं. शेजारी शेजारी नांदतात बिचारे. फक्त मुलांना आपलं नाव दोनदा लिहावं लागतं, एकदा शाळेच्या स्थळावर आणि एकदा मंजूषेत.

मी आयुष्यभर वर्गात तह शिकवले. तहात काय लिहिलंय ते सांगून झालं की हमखास विचारायचो, "आणि काय लिहायचं राहिलं?" पुढची भांडणं बहुतेक तिथूनच निघतात. इथे मात्र तो प्रश्न न विचारताच मी त्या पोरीवर डाफरलो. आणि तिने तर हे सगळं स्वतःच्या सुट्टीत, एक पैसा न घेता केलं होतं.

फोनवर माफी मागून झाली आहे. घरची मंडळी हे वाचतात, म्हणून इथेही मागतो.

चू. भू. द्या. घ्या.