पूल कां पडतात?

पूल जुना झाला म्हणजेच पडतो, हा समज इतिहासास मान्य नाहीं. स्कॉटलंडांतील टे नदीवरील पूल दीड वर्षांतच, २८ डिसेंबर १८७९ च्या वादळांत, आगगाडीसह कोसळला. वाऱ्याच्या दाबासाठीं वेगळी तरतूदच केलेली नव्हती. कॅनडांतील क्वेबेकचा पूल १९०७ सालीं बांधतां बांधतांच पडून ७५ कामगार मेले. तेथें पुलाचें स्वतःचेंच वजन कमी धरलें गेलें होतें. आणि आमच्या महाडजवळचा, कित्येक पावसाळे सोसलेला सावित्रीवरील दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरानें नेला. त्यासरशीं दोन एसटी गाड्याही उतारूंसह गेल्या. देशपरत्वें निमित्त बदलतें. परंतु आम्हांस बोध एकच दिसतो. पुलाचा हिशेब उद्घाटनानें संपत नाहीं. तो दर पावसाळ्यापूर्वीं नव्यानें मांडावा लागतो.