सुभद्रेच्या मनातलं

इतिहास म्हटला की लढाया आणि सनावळ्या आठवतात. आज आम्ही एका लग्नाच्या गमतीची गोष्ट सांगणार आहोत. तीही इतिहासच आहे.

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत सौभद्र’ नाटकाचे पहिले तीन अंक रंगभूमीवर आणले. पूर्ण नाटक पुढच्या वर्षी आलं. कथा महाभारतातली, सुभद्रा-अर्जुनाच्या लग्नाची. पण बघताना वाटतं, हे तर आपल्याच भावकीतलं लग्न! थोरला भाऊ बलराम. दुर्योधन त्याचा गदेतला शिष्य, म्हणून बहीण तिथंच द्यायची, हे त्यानं ठरवून टाकलेलं. बहिणीचं मन मात्र अर्जुनावर. धाकटा भाऊ कृष्ण वरून साळसूद, आतून सगळी सूत्रं हलवणारा. अर्जुन संन्यासी बनून येतो, तर बलराम मोठ्या भक्तीनं त्याला घरी आणतो आणि त्याच्या सेवेला बहिणीलाच ठेवतो. ज्याला टाळायचं, तोच पाटावर बसलेला! त्यात साकी, दिंडी अशा ओळखीच्या चाली. लोकांना हे नाटक आवडलं नसतं तरच नवल.

आता मूळ गोष्ट बघा. महाभारताच्या आदिपर्वातल्या प्रचलित कथेत अर्जुनाला सुभद्रा आवडते. कृष्ण म्हणतो, स्वयंवरात काय होईल सांगता येत नाही, तू तिला पळवून ने. मग युधिष्ठिराकडे माणसं पाठवून त्याची परवानगी आणतात. युधिष्ठिराला विचारलं, सुभद्रेला कुणीच विचारलं नाही. किर्लोस्करांनी तिला मन दिलं. त्यांची सुभद्रा वहिनीपाशी, रुक्मिणीपाशी मन मोकळं करते, रडते, रुसते. हसतखेळत का होईना, मुलीला काय हवं हा प्रश्न भर नाट्यगृहात आला.

गंमत अशी, की ही सुभद्रा साकारली भाऊराव कोल्हटकरांनी, पुढे बालगंधर्वांनी. त्या काळी घरंदाज बाईनं रंगमंचावर उभं राहणं लोकांना चालत नव्हतं. बाईचं मन बोलायचं, तेही पुरुषाच्या तोंडून.

पण त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुस्तक आलं. बाईनं स्वतःच्या शब्दांत पुरुषांना जाब विचारला. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. आणि १८८४ साली मुंबईत रखमाबाईंवर त्यांच्या नवऱ्यानं दावा लावला. लग्न झालं तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जायला नकार दिला. १८८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. पुढे पैसे देऊन प्रकरण मिटलं आणि रखमाबाई डॉक्टर झाल्या.

सुभद्रेच्या पाठीशी कृष्ण होता. रखमाबाईंना स्वतःच तोंड उघडावं लागलं, आणि सगळा समाज अंगावर आला.

आमच्या बचत गटांच्या बैठकीत कर्ज, हप्ते, व्याज यांवर तासभर बोलणं होतं. मुलीच्या सोयरिकीचं बोलणं मात्र घरात, तेही पुरुषांतच होतं. मुलगी चहाचा ट्रे घेऊन येते, तेवढाच तिचा भाग. आज कायद्यानं मुलीचं लग्न १८ वर्षांआधी करता येत नाही. तसं कुठं ठरत असेल तर १०९८ या नंबरवर फोन करता येतो. पण १८ पूर्ण झाली म्हणजे विचारायची गरज संपली, असं नाही.

‘सौभद्र’चा प्रयोग जवळपास लागला, तर गटानं मिळून जा. लेकीसुनांनाही न्या. पोटभर हसा. परतीच्या वाटेवर लेकीला सहज विचारा, "तुझ्या मनात काय आहे गं?" आणि ती बोलायला लागली, की मध्ये बोलू नका.