मधमाश्यांचें नृत्य आणि एका पंडिताची कबुली

विद्वानांचें मोठेपण त्यांनीं लावलेल्या शोधांवरून मोजण्याचा प्रघात आहे. त्यांनीं कबूल केलेल्या चुकांवरून तें मोजावयाचें ठरविल्यास पुष्कळ मोठीं नांवें मागें पडतील आणि कांहीं थोडीं पुढें येतील. त्या थोड्यांत कार्ल फॉन फ्रिश यांची गणना करावी लागेल.

फ्रिश यांचा जन्म १८८६ सालीं व्हिएन्ना शहरीं झाला. मत्स्यांना व कीटकांना रंग ओळखतां येत नाहीं, असें त्यांच्या तरुणपणीं हेस नांवाचे एक वजनदार नेत्रवैद्य प्रतिपादीत असत. मग फुलांनीं हे रंग धारण केले ते कोणासाठीं, असा साधा प्रश्न फ्रिश यांनीं विचारला. निळ्या कागदावर साखरेचें पाणी ठेवून त्यांनीं मधमाश्यांना संवय लाविली. पुढें करड्या रंगाच्या अनेक छटांमध्यें तो निळा कागद रिकामाच मांडला, तरी माश्या नेमक्या त्यावरच उतरल्या. प्राण्याला काय कळतें हें घरबसल्या तर्कानें न ठरवितां प्राण्यालाच विचारावें, हा त्यांचा बाणा होता.

अन्न सांपडलेली माशी पोळ्यावर परतली कीं नाचूं लागते. या नाचाचे दोन प्रकार फ्रिश यांना दिसले: एक वाटोळा, दुसरा अंगाचा मागील भाग थरथरवीत, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा. पहिला मधुरसाचा व दुसरा परागांचा, असा निर्णय त्यांनीं १९२३ सालच्या प्रबंधांत दिला. वीस वर्षें तो प्रमाण मानला गेला.

मध्यंतरीं जर्मनींत हिटलरचें राज्य आलें. आईकडील आजी ज्यू कुळांतील, एवढ्यावरून १९४१ सालीं फ्रिश यांना म्यूनिक विश्वविद्यालयांतून दूर करण्याचें ठरलें. परंतु त्याच सुमारास नोसेमा नांवाच्या रोगानें मधमाश्यांचीं असंख्य पोळीं उजाड होत होतीं. फळबागांचें भवितव्य माश्यांवर अवलंबून, आणि माश्यांचें ज्ञान या गृहस्थापाशीं! अखेर बडतर्फी युद्धसमाप्तीपर्यंत तहकूब झाली. ज्यांचा त्यांनीं जन्मभर अभ्यास केला, त्यांनींच संकटकाळीं त्यांना राखिलें.

म्यूनिकवर बॉम्ब पडूं लागले, तेव्हां ते ऑस्ट्रियांतील ब्रुनविंकल येथील कुटुंबाच्या जुन्या घरीं गेले. तेथें १९४४ सालीं त्यांनीं साखरेच्या पाण्याची बशी पोळ्यापासून दूर ठेवून पाहिली. आणि काय आश्चर्य! साखरेचें पाणी नेणाऱ्या माश्या परागांचा म्हणून ठरविलेला नाच नाचूं लागल्या. चूक उमगली. पूर्वीं बशी पोळ्याजवळ असे, पराग आणणाऱ्या माश्या मात्र दुरून येत. भेद अन्नाचा नव्हता, अंतराचा होता. पुढील वर्षीं दिशेचेंही कोडें सुटलें. उभ्या पोळ्यावर सरळ वरची दिशा म्हणजे सूर्याची दिशा; फुलें सूर्याच्या डावीकडे ६० अंशांवर असतील, तर माशीही उभ्या रेषेच्या डावीकडे ६० अंशांवर धांवते. जितकें अंतर अधिक, तितकी ती धांव दीर्घ.

सूर्याची दिशा अंधारांत अशी मांडण्याची कला आली कोठून? त्यांचे शिष्य मार्टिन लिंडावर यांनीं याचा माग सिंहलद्वीपांत काढला. आपल्याकडेही आढळणारी चिमुकली फुलोरी माशी पोळ्याच्या सपाट माथ्यावर, उघड्या आकाशाखालीं नाचते आणि धांवते ती थेट फुलांच्या रोखानें. आग्या माशी राहते उघड्यावरच, पण नाचते उभ्या पोळ्यावर; सातेरी तर ढोलीच्या काळोखांत. आधीं बोट दाखविणें, मग सांकेतिक खूण करणें, अशा उत्क्रांतीच्या पायऱ्या येथें शेजारीं शेजारीं नांदतांना दिसतात.

१९६७ सालीं अमेरिकेंतील वेनर यांनीं या भाषेवरच आक्षेप घेतला. २००५ सालीं रडारच्या साह्यानें माश्यांच्या उड्डाणांचा माग लागला, तेव्हां त्या नाचांत सांगितलेल्या दिशेसच जातात, असें दिसून आलें. तत्पूर्वीं १९७३ सालीं लॉरेन्झ व टिनबर्गन यांच्यासह फ्रिश यांना नोबेल पारितोषिक मिळालें होतें.

तथापि माझ्या मतें त्यांचा खरा गौरव १९४६ सालच्या प्रबंधांत आहे. साठीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या पंडितानें आपला प्रसिद्ध सिद्धांत तेथें आपल्याच हातानें मोडला. आम्हां अध्यापकांच्या टिपणांचीं पानें पिवळीं पडतात. वाक्यें मात्र तींच राहतात. बशी थोडी दूर नेऊन ठेवण्याचें धैर्य आमच्यांपैकीं किती जणांस होतें, हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारतों.